ऑस्करचा समारंभ आणि घड्याळाची हुकमत

पारितोषिकांचा समारंभ दूरचित्रवाणीवर पाहून झाला की 'फार लांबला बुवा' असे म्हणण्याचा प्रघात आता इतका रूढ झाला आहे की, तसे न म्हणणाऱ्याने समारंभ पाहिलाच नसावा असा समज व्हावा. वास्तविक ज्या समारंभाविषयी ही तक्रार सर्वांत मोठ्या आवाजात केली जाते, तो अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिकांचा सोहळा जन्मला तेव्हा अवघ्या पंधरा मिनिटांचा होता. 16 मे 1929 रोजी हॉलीवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात सुमारे 270 मंडळी पाच डॉलरांचे तिकीट काढून जेवावयास बसली, आणि भोजनोत्तर डग्लस फेअरबँक्स यांनी मानकऱ्यांच्या हाती पुतळे देऊन कार्यक्रम आटोपला. निकाल तीन महिने आधीच जाहीर झालेला असल्यामुळे उत्कंठेचा प्रश्नच नव्हता. श्रेष्ठ नट ठरलेले एमिल यानिंग्ज यांना तर जर्मनीस परतण्याची घाई असल्याने त्यांनी आपले बक्षीस आगाऊच हस्तगत केले होते.

उत्कंठा ही पुढे मुद्दाम पैदा केलेली वस्तू आहे. काही वर्षे निकाल गुप्त राखून वृत्तपत्रांना रात्री अकरानंतर छापण्याच्या बोलीवर त्याची यादी देण्यात येत असे. 1940 साली लॉस एंजेलिस टाइम्सने ही बोली धाब्यावर बसवून संध्याकाळच्याच अंकात यादी छापली, आणि समारंभास निघालेल्या पाहुण्यांना आपले भाग्य वा दुर्भाग्य वाटेतच वाचावयास मिळाले. (त्याच रात्री पारितोषिक मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय कलावती हॅटी मॅकडॅनियल हिला सहकाऱ्यांपासून दूर, भिंतीलगतच्या वेगळ्या टेबलापाशी बसविण्यात आले होते. तेव्हा जुना काळ साधा आणि सुजन होता असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबलेले बरे.) पुढल्या वर्षापासून मोहोरबंद लखोटे आले. मतमोजणीचे दप्तर तत्पूर्वीच, 1935 साली, प्राइस वॉटरहाऊस या हिशेबतपासनिसांच्या पेढीकडे सोपविण्यात आले होते.

या लखोट्याची व्यवस्था एखाद्या संस्थानच्या खजिन्यास शोभावी अशी आहे. प्रत्येक पारितोषिकाचे दोन लखोटे तयार होतात, ते दोन पेट्यांत ठेवून रंगमंचाच्या दोन बाजूंस दोन विश्वासू इसम उभे राहतात, आणि पारितोषिक देणारी व्यक्ती ज्या बाजूने प्रवेश करील त्या बाजूचा लखोटा तिच्या हाती पडतो; दुसऱ्या बाजूचा न उघडता बाजूला ठेवावयाचा. 2017 साली श्रेष्ठ नटीच्या पारितोषिकाचा असाच उरलेला जोड-लखोटा श्रेष्ठ चित्रपटाचे नाव जाहीर करण्यास आलेल्या वॉरेन बेटी यांच्या हाती गेला. त्यांनी तो उघडला, पुन्हा पुन्हा आत डोकावून पाहिले, आणि अखेर सोबतच्या फे डनअवे यांच्यापुढे धरला. बाईंनी कागदावरील चित्रपटाचे नाव तेवढे वाचले, आणि 'ला ला लँड'चे निर्माते आभाराची भाषणे करीत असतानाच खरा मान 'मूनलाइट'चा असल्याचे उघडकीस आले. माझ्या मते त्या समारंभात अलीकडे पाहावयास मिळालेला सर्वांत सभ्य प्रसंग तो हाच. जिंकलेले बक्षीस हातातून जात असता 'ला ला लँड'चे निर्माते जॉर्डन होरोविट्झ यांनी स्वतः पुढे होऊन प्रतिस्पर्ध्यांना व्यासपीठावर बोलाविले आणि खरा कागद सर्वांस उंच धरून दाखविला.

तथापि समारंभाचे खरे रूपांतर लखोट्याने नव्हे, तर पैशाच्या तंगीने घडवून आणले. दूरचित्रवाणीमुळे चित्रपटगृहे ओस पडू लागली या धास्तीने हॉलीवूडचे धनी त्या यंत्राचा दुस्वास करीत होते. पण 1953 साली त्यांतील काही कंपन्यांनी समारंभाच्या खर्चाला हात लावण्याचे नाकारले, तेव्हा ही पारितोषिके देणाऱ्या अकादमीने वैऱ्याच्याच दारी जाऊन एन.बी.सी. कंपनीकडून प्रक्षेपणाच्या हक्कापोटी एक लक्ष डॉलर घेतले. 19 मार्च 1953 रोजी हॉलीवूडचे पँटेजेस थिएटर व न्यूयॉर्कमधील एक थिएटर अशा दोन ठिकाणांहून एकाच वेळी हा सोहळा घरोघर दिसला. त्या रात्रीपासून समारंभाचा यजमान बदलला. जेवावयास आलेल्या पाहुण्यांना घड्याळाची फिकीर नव्हती. जाहिरातदारांना मिनिटामिनिटाचा हिशेब हवा होता. 1943 साली ग्रीअर गार्सन या नटीने पाच मिनिटांहून अधिक वेळ आभार मानले, ते उपस्थितांनी जांभया देत का होईना ऐकून घेतले. आज पंचेचाळीस सेकंदांची मुदत संपताच वाद्यवृंद सुरू होतो आणि वक्त्याचा आवाज सुरावटीत बुडवून टाकण्यात येतो. घड्याळाचा हा धाक एकदा अंगाशीही आला. 1959 साली वेळ हाताबाहेर जाईल या भयाने इतकी काटछाट करण्यात आली की, कार्यक्रम वीस मिनिटे आधीच संपला, आणि वेळ भरून काढण्यासाठी जेरी लुईस यांना वाद्यवृंदासमोर उभे राहून विदूषकी चाळे करावे लागले.

आता प्रश्न असा की, काटावयाचे ते काय? सामान्य प्रेक्षकाचे उत्तर तयार असते: ध्वनी, संकलन, वेशभूषा, लघुपट या 'बारीकसारीक' पारितोषिकांचे प्रयोजन काय? भारतात हा समारंभ सोमवारी भल्या पहाटे दिसतो, आणि कचेरीस जाण्यापूर्वी नटनट्यांचे निकाल पदरात पडावेत अशी इच्छा असणाऱ्याची ही अधीरता मी समजू शकतो. परंतु ती मला मान्य नाही, आणि मराठी माणसाला तर ती मुळीच मान्य असू नये.

कारण पहिल्या समारंभाच्या अठराच दिवस आधी, 28 एप्रिल 1929 रोजी, कोल्हापुरात भानुमती राजोपाध्ये यांचा जन्म झाला. वडील अण्णासाहेब हे चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांशी संबंध आलेले; मुलगी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकली, स्त्रियांच्या नियतकालिकासाठी वेशांची रेखाटने करू लागली आणि 'सी.आय.डी.', 'प्यासा', 'गाइड', 'आम्रपाली' असे चित्रपट करीत भानु अथैया या नावाने ख्यातकीर्त झाली. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासह केलेल्या वेशभूषेबद्दल 11 एप्रिल 1983 रोजी त्यांना ऑस्कर मिळाले, आणि ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्या कामाचे मर्म असे की, दक्षिण आफ्रिकेतील बॅरिस्टरच्या सुटापासून अखेरच्या पंचापर्यंतचा अर्धशतकाहून दीर्घ प्रवास, आणि त्याभोवतीचे अफाट जनसमुदाय, यांतील एकही कपडा शिवून आणलेला वाटत नाही. लोक तो वर्षानुवर्षे वापरीत आहेत असेच वाटते. साडी नेसलेल्या भानुताई व्यासपीठावर आल्या आणि अकादमीचे व अ‍ॅटनबरोंचे आभार मानून दोन-तीन वाक्यांत बोलणे संपविते झाल्या. घड्याळाला त्यांनी तक्रारीस जागा ठेवली नाही. पुढे 2012 साली हा पुतळा जतन व्हावा म्हणून त्यांनी तो अकादमीकडेच सुपूर्द केला.

जी पारितोषिके कंटाळवाणी म्हणून हिणविली जातात त्यांतच असे मानकरी असतात, ज्यांचा चेहरा आपण अन्यथा कधीच पाहिला नसता. नटांचे मुखदर्शन वर्षभर सर्वत्र होतच असते. एकंदर कार्याबद्दल दिल्या जाणाऱ्या सन्मानाच्या पुतळ्यांमुळेही असेच दुर्मीळ दर्शन घडत असे. 1992 साली कलकत्त्याच्या इस्पितळात अंथरुणास खिळलेल्या सत्यजित राय यांनी पुतळा हाती धरून केलेले भाषण मुख्य समारंभात दाखविण्यात आले, आणि नंतर महिन्याच्या आतच ते निवर्तले. 2009 पासून हे सन्मान निराळ्या मेजवानीत देण्याची पद्धत पडली, आणि मुख्य प्रक्षेपणात तसे दर्शन घडण्याची सोय उरली नाही.

2019 साली छायालेखन व संकलन यांसह चार पारितोषिके जाहिरातींच्या वेळात उरकण्याचा हुकूम निघाला. कारागिरांनी एकच गहजब केल्यामुळे तो काही दिवसांतच रद्द करावा लागला. 2022 साली मात्र आठ पारितोषिके प्रक्षेपणापूर्वी तासभर आधीच देऊन त्यांची कापलेली चित्रे मधूनमधून पेरण्यात आली. एवढे करूनही कार्यक्रम साडेतीन तासांहून अधिक लांबला, आणि जगाच्या स्मरणात राहिली ती विल स्मिथ यांनी ख्रिस रॉक यांच्या मुखात लगावलेली चपराक. तिच्यानंतर लगेचच अनुबोधपटाचे पारितोषिक घेणाऱ्यांकडे कोणाचे लक्षही राहिले नाही.

2023 साली तेवीसही पारितोषिके पुन्हा प्रक्षेपणात आली, हे योग्यच झाले. त्या सकाळी 'नाटू नाटू' हे तेलुगू गीत संपूर्ण नृत्यासह सादर झाले व जिंकले, आणि त्याच सकाळी 'द एलिफंट व्हिस्परर्स' या लघु अनुबोधपटालाही पारितोषिक मिळाले. लघु अनुबोधपटाचा विभाग आदल्या वर्षी गाळलेल्या आठांपैकीच एक. दिग्दर्शिका कार्तिकी गोन्साल्विस बोलल्या. निर्मात्या गुनीत मोंगा बोलण्यास पुढे झाल्या, तोच वाद्ये सुरू झाली आणि त्यांचे म्हणणे तसेच राहिले. सूत्रसंचालकाच्या विनोदांना त्या रात्री मिनिटांमागून मिनिटे मंजूर होती. त्यांतील दोन फसलेले विनोद वगळले असते तर मोंगाबाईंचे भाषण आरामात झाले असते, आणि माझ्यापुरते बोलायचे तर कार्यक्रम तेवढ्या प्रमाणात सुसह्यही झाला असता.