विंचवाचं विष आणि विज्ञानाचं बूच

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. पण आपल्या शेतातल्या लाल विंचवाचं बिऱ्हाड साता समुद्रापलीकडच्या प्रयोगशाळांत जाऊन बसलं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. मी बी. ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. रसायनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरी या विषाची कहाणी सांगावीशी वाटते, कारण तिची एक वाट आपल्या नागपुरातून जाते.

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. डॉक्टरकी शिकले ते नागपूरच्या मेडिकलमध्ये. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू फार. दंश झालेलं मूल घामानं चिंब व्हायचं, ओकायचं, हातपाय गार पडायचे आणि शेवटी फुप्फुसांत पाणी साठून ते गुदमरायचं. गंभीर रुग्णांपैकी १०० मधले २५-३० दगावत. आमची दादी रोज बजावायची, "बेटा, जूता झटकके पहन." त्या काळी घरोघरी एवढाच काय तो उपाय होता, बाकी मांत्रिक होतेच.

हे विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं. मग संदेशांचा पूर लोटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमतं. बावस्करांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरून पाहिली. रक्तवाहिन्यांना आवळण्याचा हुकूम जिथे पोचतो, तिथेच ती बूच मारते. १९८६ साली त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे मृत्यूंचं प्रमाण शेकडा एक-दोनवर उतरलं.

याच विषाची दुसरी वाट अमेरिकेला गेली. १९९० साली मर्क कंपनीच्या संशोधकांनी त्यातून ३७ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी वेगळी काढली. तिचं नाव इबेरिओटॉक्सिन. अशा साखळीला पेप्टाइड म्हणतात. आपल्या पेशींच्या भिंतीत पोटॅशियमला बाहेर सोडणारी सूक्ष्म दारं असतात. त्यांतल्या एका मोठ्या दाराच्या तोंडात हे पेप्टाइड अगदी बुचासारखं बसतं. आता ते प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्याही बनवता येतं. त्यासाठी विंचू धरावा लागत नाही. अशाच विंचवी बुचांच्या मदतीनं रॉडरिक मॅकिनन यांनी या दारांचा अंदाज घेतला, १९९८ साली असल्या एका दाराची रचना उलगडली आणि २००३ साली त्यांना नोबेल मिळालं.

पण दार पेशीत कुठे आहे, हे कसं शोधायचं? त्यासाठी दाराच्याच प्रथिनाचा एक तुकडा, म्हणजे पुन्हा एक पेप्टाइड, कृत्रिमरीत्या तयार करून सशाला टोचतात. सशाच्या रक्तात त्या तुकड्याला ओळखणारी प्रतिपिंडं तयार होतात. ती पेशींवर सोडली की दाराला चिकटतात आणि तिथे रंग उमटवता येतो. मात्र प्रतिपिंडंही फसतात, भलत्याच प्रथिनाला धरून बसतात. म्हणून ती आधी त्याच तुकड्यात मिसळून त्यांचे हात भरून टाकतात. यानंतरही रंग उमटला, तर ती ओळख खोटी. या तुकड्याला अडवणारं पेप्टाइड म्हणतात. तेही बूचच, पण दाराचं नव्हे, साक्षीदाराचं. आणि रंग नाहीसा झाला, तरी साक्ष पुरती खरी ठरत नाही. ते दार मुळातच नसलेल्या उंदराच्या पेशीही तपासतात. तिथेही रंग उमटला, तर साक्षीदार खोटा. मला ही शिस्त फार आवडली. कोणालाही ओळखल्याचा दावा करण्यापूर्वी स्वतःची ओळखच तपासून घ्यायची!

विंचूदंशावरची लस म्हणजे तरी काय? विषाला धरून ठेवणारी प्रतिपिंडंच. २०११ साली बावस्करांनी महाडच्या ७० रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिनच्या जोडीला लस दिलेले रुग्ण लवकर बरे झाले. म्हणजे इथेही आधी तपासणी, मग भरवसा. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

एकाच विषाच्या या दोन वाटा. एकीनं पेशींच्या दारांचं ज्ञान दिलं, दुसरीनं लेकरं वाचवली. त्या ज्ञानाचं मोल मोठंच, पण अनवाणी शेतात जाणाऱ्याला आधी दुसरी वाट माहीत हवी. दंश झाला की मंत्राच्या मागे घटका घालवू नका. दवाखाना गाठा. तिथली गोळी स्वस्त आहे. महाग आहे तो वेळ.