मुंबई–लंडन तारमार्ग आणि राखीव वाटेचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या तारव्यवस्थेचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु ज्यांचा व्यापार आणि राज्यकारभार तिच्यावर चालत होता त्यांना वेगाइतकीच धास्ती होती ती तार तुटण्याची, आणि तिची पुढची रचना या धास्तीतूनच घडत गेली. मुख्य मार्ग चालू असतानाही दुसरा मार्ग सज्ज ठेवणे, म्हणजेच राखीव मार्गाची तजवीज करणे, हे आजच्या संगणकजालांचे मूलतत्त्व मानले जाते. त्याची कसोटी अरबी समुद्राच्या तळाशी दीडशे वर्षांपूर्वीच लागली होती.

10 मे 1857 रोजी मेरठला उठाव झाला आणि त्याची बातमी लंडनला जूनच्या अखेरीस पोचली. या विलंबाने हादरलेल्या ब्रिटिश सरकारने तांबड्या समुद्रातून कराचीपर्यंत केबल टाकणाऱ्या कंपनीला आठ लाख पौंडांच्या भांडवलावर साडेचार टक्के व्याजाची पन्नास वर्षांची हमी दिली. 1859–60 मध्ये केबल टाकलीही गेली. परंतु ती हलकी होती, पुरेशी ढील न देता ताणून टाकली होती, आणि समुद्रतळाच्या उंचवट्यांवर टेकून मधल्या भागात लोंबकळत राहिल्याने तिचे तुकडे पडले. संपूर्ण मार्गाने एकही संदेश गेला नाही, पण हमीपोटी वर्षाला छत्तीस हजार पौंड मात्र सरकारला देत राहावे लागले.

दुसरा प्रयत्न सावधपणे झाला. कर्नल पॅट्रिक स्ट्युअर्ट यांच्या देखरेखीखाली 1864 मध्ये मकरान किनाऱ्यावरील ग्वादरपासून मुसंदम आणि बुशहर यांवरून फाओपर्यंत इराणच्या आखातात केबल टाकण्यात आली आणि तेथून बगदादमार्गे ती तुर्की सरकारच्या भूतारांना, म्हणजे खांबांवरून नेलेल्या तारांना, जोडली गेली. ही केबल इंग्लंडहून आणणाऱ्या जहाजांत 'ट्वीड' हे जहाज होते. ते मुळात वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेले 'पंजाब' नावाचे लढाऊ जहाज, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासकारांनी अधिक ठळकपणे नोंदवायला हवी.

1865 च्या सुरुवातीस हा मार्ग खुला झाला खरा, पण समुद्रातील भाग भरवशाचा आणि जमिनीवरचा भाग दुबळा, अशी त्याची स्थिती होती. बगदादच्या दक्षिणेस टोळ्यांच्या बंडाळीमुळे तारा वारंवार तुटत, आणि वाटेतील प्रत्येक ठाण्यावर इंग्रजी न जाणणाऱ्या कारकुनाने मजकूर उतरवून पुढे पाठवल्यामुळे तो कित्येक दिवसांनी, तोही ओळखू न येण्याजोगा होऊन पोचे. लिव्हरपूलच्या कापूसबाजारावर नजर ठेवून असलेल्या मुंबईच्या पेढ्यांना एका आकड्याची चूकही महागात पडणारी होती. व्यापाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या आणि 1866 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने या प्रश्नाची चौकशी केली.

यातून 1870 या एकाच वर्षात दोन स्वतंत्र मार्ग पुरे झाले. पहिला सीमेन्स बंधूंच्या कंपनीचा, लंडनहून जर्मनी, रशिया आणि तिफ्लिसवरून तेहरानला जाणारा, आणि पुढे सरकारी तारांनी भारतापर्यंत येणारा. त्याची खरी थोरवी अशी की, मधल्या ठाण्यांवर यंत्रेच संदेश आपोआप पुढे ढकलत, त्यामुळे लंडन ते तेहरान मजकूर पुन्हा हाताने उतरवावा लागत नसे. दुसरा मार्ग जॉन पेंडर यांच्या कंपन्यांचा, जवळजवळ सारा समुद्रातला: 'ग्रेट ईस्टर्न' हे महाकाय जहाज आफ्रिकेला वळसा घालून केबल घेऊन मुंबईस आले, फेब्रुवारीत मुंबईहून एडनकडे केबल सोडत निघाले, आणि जूनमध्ये एडन, सुवेझ, माल्टा, जिब्राल्टर यांमार्गे लंडन जोडले गेले.

त्याच वर्षी भूकंपामुळे सीमेन्स मार्गाची काळ्या समुद्रातील केबल तुटली, तरी भारताची तार थांबली नाही, कारण तांबड्या समुद्राच्या तळाला त्या भूकंपाचा धक्का पोचणारा नव्हता. राखीव मार्गाची किंमत येथेच कळते: एका मार्गाचे संकट दुसऱ्यावर येता कामा नये. केवळ तारांची संख्या वाढवून हे साधत नाही. भूगोल, मालक आणि राजसत्ता या तिन्ही बाबतींत मार्ग वेगळे असावे लागतात. पुढे दोन्ही मार्गांच्या चालकांनी उत्पन्न एकत्र करून ठरलेल्या हिश्श्याने वाटून घेण्याचा करार केला, तेव्हा बंद पडलेल्या मार्गाचे संदेश दुसऱ्याकडे सोपवण्यातला आर्थिक अडसरही दूर झाला. ऑगस्ट 1914 मध्ये महायुद्ध सुरू होताच जर्मनीतून जाणारा मार्ग खंडित झाला आणि सारा भार समुद्री केबलींवर आला.

1927 मध्ये तिसरा मार्ग आला, तो हवेतून. लघुलहरींचा झोत एका दिशेने सोडणाऱ्या बिनतारी यंत्रणेचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला उभारले गेले; आपल्याच प्रक्षेपणात दुरून येणारा क्षीण संदेश बुडू नये म्हणून दोन्ही दूर ठेवली होती. बिनतारी तार इतकी स्वस्त पडू लागली की, केबल कंपन्यांचा धंदा धोक्यात आला. परंतु आकाशातील संदेश शत्रूलाही ऐकू येतो आणि वातावरण बिघडले की क्षीण होतो, हे ओळखून 1928 च्या साम्राज्य परिषदेने केबली मोडीत निघू न देता दोन्ही व्यवस्था एका संस्थेखाली आणण्याची शिफारस केली. स्वस्त मार्गाने महाग मार्गाला संपवू नये, हा निर्णय त्या काळाच्या मानाने दूरदृष्टीचा होता. स्वातंत्र्यानंतर 1971 मध्ये जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उपग्रह भूकेंद्र सुरू झाले आणि त्याच परंपरेत आणखी एका मार्गाची भर पडली.

30 जानेवारी 2008 रोजी मात्र हा धडा विसरल्याचे दिसून आले. मुंबईला येणाऱ्या फ्लॅग आणि सी-मी-वी 4 या दोन प्रकाशतंतू केबली वेगवेगळ्या मालकांच्या होत्या, पण अलेक्झांड्रियाजवळ त्या एकाच सागरपट्ट्यातून जात असल्याने दोन्ही एकाच दिवशी निकामी झाल्या. भारतातील कचेऱ्यांत बसून परदेशी संगणक चालवणाऱ्यांना अशा खंडाचा फटका सर्वांत तीव्र बसतो. कारण रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर आणून त्यावर काम करण्याची पद्धत, प्रत्येक कळ दाबताना संदेश पाठवते आणि बदललेले चित्र परत मागवते. ई-मेल तासभर थांबू शकते, पडदा मात्र काही सेकंदांतच गोठतो. वाहतूक चेन्नईहून सिंगापूर आणि पॅसिफिकमार्गे वळवता आली, परंतु काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे वाट वीस हजार किलोमीटरांनी लांबली की प्रत्येक कळीमागे जाऊन-येऊन सेकंदाचा पाचवा हिस्सा वाढतो; टंकलेली अक्षरे पडद्यावर उशिरा उमटतात, पण काम चालू राहते.