कुंपणावरची कळलावी

सिंधुदुर्गाचा इतिहास म्हटला की आम्हांस किल्ले व बंदरे आठवतात; या किनाऱ्यावरील झाडावेलींनाही इतिहास आहे, याचा सहसा विसर पडतो. कळलावीचेच पाहा. श्रावण-भाद्रपदात मालवणकडच्या झुडपांवर चढलेला हा वेल कोणी पाहिला नाही? पानांच्या टोकांना ताणे आणि मागे वळलेल्या सहा पाकळ्या, आधी पिवळ्या, मग तांबड्याभडक. म्हणून संस्कृतात ती अग्निशिखा. नांगरासारख्या कंदावरून लांगली. आणि कोकणात कोठे कोठे गौरीचे हात.

मालवणच्या कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया १६६४ साली घातला गेला. त्यानंतर अकराच वर्षांनी, १६७५ मध्ये, दूर कोचीस रंगभट, विनायक पंडित व आपूभट हे तीन कोकणी विद्वान, डच अधिकारी व्हान ऱ्हीड याच्या वनस्पतिग्रंथासाठी नागरी अक्षरांत ग्वाही लिहून देत होते. तो ‘हॉर्टस मलबारिकस’ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे बारा खंडांत छापला गेला. त्यात हीच कळलावी ‘मेंदोणी’ या मल्याळी नावाने आहे. १७५३ साली लिनीअसने तिचे ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ असे भरजरी नामकरण केले. पुढे युरोपातील काचघरांत तिला जागा मिळाली. झिंबाब्वेने तिला राष्ट्रपुष्प मानले, तमिळनाडूने राज्यपुष्प.

आपल्याकडे मात्र ती अंगणाबाहेरच राहिली. घरी लावली तर भांडणे होतात, असा समज! वस्तुतः ही कळ भांडणाची नव्हे, प्रसूतीची होय. अडलेल्या बाळंतिणीस कंदाचा लेप लावीत, त्यावरून हे नाव पडले. भीतीचे खरे कारण निराळे आहे. तिच्या सर्वांगात, विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसीन हे विष असते. ते पोटात गेल्याने माणसे दगावली आहेत. तेच द्रव्य अल्प प्रमाणात वातरक्तावर औषध ठरते. म्हणून रानातले कंद खणून नेले जातात. आणि कंद गेला की वेल संपला.

आमचे सांगणे एवढेच, की तिला बागेत जागा द्यावी. मात्र रानातून उपटून आणू नये. बियांपासून वाढवावी, आणि मुले व गुरे पोचणार नाहीत अशा ठिकाणी लावावी. पावसाळा सरला की वेल वाळतो, कंद मातीत निजून राहतो आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटतो. कोकणच्या बागेत तिला काचघर लागणार नाही. मनातील अढी गेली म्हणजे पुरे.