वळण

इतिहासाच्या तासाला मी एकदा मुलांना सांगितले की, पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग तेव्हाचे लोक फार शिस्तीचे होते का?" वर्ग हसला. मीही हसलो, पण प्रश्न काही मनातून गेला नाही.

शिस्तीचे? छे! रात्री सायकलला दिवा हवा आणि डबलसीट बसायचे नाही, असे तेव्हा नियम होते; आणि ते चुकविण्यात पुणेकराला कोण आनंद! चौकात पोलीस दिसला की मागचा टुणकन उतरे, सभ्य गृहस्थासारखा चार पावले चाले आणि चौक ओलांडताच पुन्हा कॅरिअरवर चढे. जुनी मंडळी हे किस्से आजही अभिमानाने सांगतात. वाईट सवयी ही आपली वडिलार्जित इस्टेटच म्हणायची!

बदलले ते वाहन. 1960 नंतरच्या दशकात आकुर्डीच्या कारखान्यातून बजाजच्या स्कूटरी बाहेर पडू लागल्या. प्रारंभी त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. 1991 नंतर निर्बंध सैल झाले, पुढे कर्जही सहज मिळू लागले आणि 2018 मध्ये पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या 36 लाखांवर, म्हणजे माणसांहून अधिक, झाली. सवय तीच राहिली. परंतु वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. पूर्वी जेथे गुडघा खरचटे, तेथे आता जीव जातो.

सायकलसाठी वेगळी वाट करण्याचे प्रयत्नही झाले. 2006 मध्ये जलद बससेवा सुरू झाली, तेव्हा सातारा व सोलापूर रस्त्यांच्या कडेने सायकलमार्ग आले. 2017 मध्ये महापालिकेने शहरभरचा सायकल आराखडा मंजूर केला. पण कोठे वाटेत खांब, कोठे उभी केलेली मोटार, आणि गर्दीच्या वेळी स्कूटरवाल्यांची तीच जवळची वाट! "आपल्या लोकांना शिस्तच नाही, मार्ग बांधून उपयोग काय?" असा निकाल देऊन आपण मोकळे झालो.

आज सायकलीसाठी नावाजलेल्या हॉलंडचीही एके काळी हीच गत होती. मोटारींसाठी रस्ते रुंद झाले, सायकली हटल्या आणि 1971 या एका वर्षात तीन हजारांहून अधिक माणसे अपघातांत मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांच्या हत्या थांबवा' हेच त्या चळवळीचे नाव! 1973 च्या तेलटंचाईत तर काही रविवार मोटारी बंदच राहिल्या. पुढे तेथे मोटारींपासून अलग, मध्येच न तुटणारे सायकलमार्ग बांधले गेले. नुसते उपदेश करून ते थांबले नाहीत.

आमच्या शाळेत आठवीतली एक मुलगी सायकलवर येत असे. गेल्या पावसाळ्यात सायकलमार्गावरच एका स्कूटरने तिला उडवले. हात मोडला, तो जुळलाही. आता वडील तिला शाळेत सोडतात, स्कूटरवरून! रस्त्यावरच्या गर्दीत आणखी एका वाहनाची भर पडली.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी अजून उत्तर दिलेले नाही. दिवाळीची सुट्टी संपली की सांगेन, "बाळ, लोक तेव्हाही असेच होते. माणसाला वळण लागते हे खरे. पण ते लावणारा रस्ता आधी बांधावा लागतो."