मंगळावरचा अडखळणारा संगणक

४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्यावरचा संगणक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला. दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जात. दुरुस्तीला जाणार कोण? पृथ्वीवरून संदेश पोचायलाच दहाएक मिनिटे लागत.

कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत तंत्रज्ञांनी तशाच दुसऱ्या संगणकावर हा बिघाड घडवून पाहिला. समजा, कपाटाची किल्ली शिपायाकडे आहे. मुख्याध्यापकांना कपाट हवे आहे. पण कारकुनाने शिपायाला थांबवून आपले काम पुढे दामटले. मुख्याध्यापक ताटकळणारच! इथे शिपाई म्हणजे हवामान नोंदणारे काम, कारकून म्हणजे मधल्या महत्त्वाची कामे आणि मुख्याध्यापक म्हणजे माहिती पोचती करणारे तातडीचे काम. ते वेळेत झाले नाही की संगणक, ठरवून दिल्याप्रमाणे, स्वतःला नव्याने सुरू करी.

किल्ली हाती असेतो शिपायालाच मुख्याध्यापकांचा अग्रक्रम द्यायचा, हा उपाय. ती सोय आज्ञावलीत होतीच, फक्त बंद ठेवलेली. ती चालू करणारा बदल पृथ्वीवरून पाठवला गेला आणि अडखळणे थांबले. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही संगणक काही वेळा असाच अडखळला होता. पण तसे पुन्हा घडवून दाखवता न आल्याने कारण तेव्हा सापडले नव्हते.