‘दर्या घरात इलो’

१. मालवणी; समुद्र घरात आला. तोंडवली-तळाशील ही कालावलची खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. किनाऱ्यावरचे माड आधी मुळे उघडी टाकतात, मग आडवे होतात. सगळा दोष हवामानावर ढकलणे घाईचे ठरेल. अशा पट्ट्यांच्या धुपीत वाळूउपसा आणि खाडीमुखाचे सरकणे यांचाही हात असतो. मात्र मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ रेणू मोजले गेले. २०२४ ची सरासरी ४२४ च्या आसपास. उत्सर्जन उद्या थांबले तरी या वाढीमुळे पाण्यात मुरलेल्या उष्णतेने समुद्र शतकानुशतके फुगत राहील. लेखकाचे पुढचे ‘परत जायत’ ओहोटीपुरतेच घ्यावे. —संपा.