आत्मा नाही, मग मागच्या जन्माचा हिशेब कोणाच्या खात्यावर?

१९९८ साली मेंदूवैज्ञानिक ख्रिस्तोफ कॉख आणि तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी पैज लावली. मेंदूतल्या कोणत्या घडामोडींतून जाणीव निर्माण होते याचा उलगडा पंचवीस वर्षांत होईल, असे कॉख यांचे म्हणणे. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला जाणिवेच्या अभ्यासकांची परिषद भरली. दोन प्रतिस्पर्धी सिद्धांतांची प्रयोगाने घेतलेली परीक्षा तिथे मांडली गेली, पण निर्णायक उत्तर मिळाले नाही. कॉख यांनी हार मानली आणि वाइनची पेटी चाल्मर्स यांच्या हवाली केली. त्याच वर्षी शंभराहून अधिक अभ्यासकांनी जाहीर पत्र काढून त्यातल्या एका सिद्धांताला छद्मविज्ञान म्हटले. ही भांडणे उघड्यावर होतात, हे चांगलेच आहे.

आपल्याकडचे आत्मावादी मात्र लगेच टाळ्या पिटतात: बघा, विज्ञान हरले, आत्मा सिद्ध झाला! ही निव्वळ हातचलाखी आहे. चाल्मर्स यांनी १९९४ च्या टूसॉन परिषदेत मांडलेला 'कठीण प्रश्न' एवढाच होता की मेंदूची सगळी यंत्रणा समजली, तरी वेदना आतून 'जाणवते' का, हे सांगायचे उरते. जन्मोजन्मी देह बदलणारा आत्मा त्यातून कुठेही निघत नाही. उत्तर सापडले नाही की रिकाम्या जागेत पोथी ठेवायची, हा पुरोहितशाहीचा जुना धंदा.

आत्म्यावरचा वाद आपल्या मातीत फार जुना आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतात, रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? सुटा कोणताच भाग रथ नाही, तसा देह-मनाच्या घटकांपलीकडे वेगळा 'मी' नाही. युरोपात डेव्हिड ह्यूमने असाच मुद्दा मांडला तो १७३९ साली. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या कॉलेजला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनाचे नाव दिले. त्या फाटकातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या किती जणांना हा संवाद ठाऊक आहे?

बाबासाहेब तिथेच थांबले नाहीत. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ते विचारतात, विद्युतक्षेत्रासोबत चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, तसे देहासोबत विज्ञान, म्हणजे जाणीव, निर्माण होते असे का म्हणू नये? चाल्मर्स यावर म्हणतील, क्षेत्र हीसुद्धा भौतिक गोष्टच, अनुभवाचा प्रश्न शिल्लकच राहिला. त्यांचा आक्षेप रास्त आहे. पण बाबासाहेबांचा नेम वेगळीकडे होता. आत्माच नसेल तर मागच्या जन्मीचे कर्म या जन्मी कोण भोगतो? हा प्रश्न त्यांनी प्रस्तावनेतच उभा केला. गरिबांच्या आणि दलितांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने व राज्याने झटकावी, यापलीकडे पूर्वकर्माच्या सिद्धांताचा हेतू दिसत नाही, असे त्यांनी त्याच ग्रंथात स्पष्ट लिहिले.

१९८७ पासून दलाई लामा आणि पाश्चात्त्य वैज्ञानिक यांच्यात संवाद-बैठका होत आल्या. पहिली धर्मशाळेत झाली. पुढे ध्यान करणाऱ्या भिक्खूंच्या मेंदूचे आलेख निघाले, ध्यानाने ताण कमी होतो का यावर संशोधन झाले. उपयोगी काम आहे, नाकारायचे कारण नाही. पण तिबेटी परंपरा पुनर्जन्म मानते, त्यामुळे बाबासाहेबांचा प्रश्न तिथून येईल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. अनात्म तिथे ध्यानाच्या गादीवर बसला. इथे तो जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या व्यवस्थेविरुद्धचा युक्तिवाद आहे. तत्त्वज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी विद्युतक्षेत्राचा तो परिच्छेद घेऊन या परिषदांत जावे आणि चाल्मर्स यांच्या आक्षेपाला तिथेच उत्तर द्यावे.